पाइप कोठे लहान करावा? रेड्युसरची निवड आणि वापर



फेब्रुवारी उजाडला की आमच्या गट कार्यालयात एक तक्रार हमखास येऊ लागते. “साहेब, मोटर फिरते, पण पाणी ओढंना.” नदीची पातळी उतरलेली असते, आडसाली उसाची मोठी बांधणी होऊन तो जोमात वाढत असतो, सुरूची लागण नुकतीच आटोपलेली असते, आणि नेमकी त्याच वेळी पाण्याची पाळी चुकते. मग मोटर दुरुस्तीला जाते, इंपेलर बदलला जातो, कोणी फुटव्हॉल्व्ह बदलतो. तरीही पाणी कमीच. शेवटी संस्थेच्या सभेत ठराव होतो, की १० हॉर्सपॉवरच्या जागी १५ हॉर्सपॉवरची मोटर घ्यावी.

असा ठराव करण्यापूर्वी पंपाच्या तोंडाशी बसवलेला एक लहानसा तुकडा पहावा, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे. तो तुकडा म्हणजे रेड्युसर. मोठा पाइप लहान पाइपला किंवा पंपाच्या तोंडाला जोडणारा निमुळता भाग. त्याची किंमत मोटरीच्या मानाने अगदीच किरकोळ. पण चुकीच्या जातीचा घेतला, किंवा बरोबर जातीचा उलटा बसवला, तर सबंध उन्हाळा तो त्रास देतो.

आधी हिशेब समजून घेऊ

पाइपचा व्यास निम्मा केला तर त्याचे क्षेत्रफळ निम्मे होत नाही, पाव होते. म्हणून तेवढेच पाणी जायचे तर त्याला चौपट वेगाने धावावे लागते. वेग चौपट झाला की घर्षणाने वाया जाणारा दाब चौपट होत नाही. तो साधारण तीसपट होतो. पाणी वाहून नेणाऱ्या कुठल्याही कामाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. पंप सेकंदाला १५ लिटर पाणी देतो असे धरा. २०० लिटरचा ड्रम सुमारे १३ सेकंदांत भरला, म्हणजे एवढे पाणी. ते ३० मीटर उंचीला चढवायचे असेल आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर बरोबर १० हॉर्सपॉवर लागतात. हे १५ लिटर आतून ८० मिलिमीटर असलेल्या पाइपमधून नेले, तर दर १०० मीटर लांबीला सुमारे १०.४ मीटर उंचीइतका दाब नुसत्या घर्षणात जातो. १०० मिलिमीटरच्या पाइपमध्ये साडेतीन मीटर जातो, आणि १२५ मिलिमीटरमध्ये सव्वा मीटरही जात नाही.

म्हणजे २०० मीटरच्या लाइनवर चार इंचीच्या जागी तीन इंची पाइप टाकून पैसे वाचवले, तर पंपाला जवळजवळ १४ मीटर जादा उंची चढवल्याचा भार पडतो. तेवढेच पाणी मिळवायचे तर साडेचार हॉर्सपॉवर फुकट खर्ची पडतात. दिवसाला आठ तास पंप चालला तर सुमारे २७ युनिट वीज गेली, आणि मोटरीचा स्वतःचा तोटा वेगळाच. प्रत्यक्षात मोटर तीच राहते. त्यामुळे पंप तेवढे पाणी देतच नाही, मागे सरकतो. मग शेतकरी म्हणतो, पंप म्हातारा झाला.

येथे एक गैरसमज काढून टाकावा. “पाइप लहान केला की प्रेशर वाढतं” असे पुष्कळजण म्हणतात. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडते, त्यावरून ही समजूत झाली आहे. अंगठा धरल्याने नळीतून जाणारे पाणी कमी होते, त्यामुळे नळीतले घर्षण कमी होते, आणि उरलेला दाब तोंडाशी वेगात बदलतो. दाब कोठून नवीन येत नाही. उलट वाहत्या पाण्याच्या लाइनीत जो भाग अरुंद असतो तेथे वेग वाढतो आणि दाब घटतो. डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली आपल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले, आणि इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७ साली अरुंद गळ्याच्या नळीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ठिबकच्या लाइनीवर खत ओढून घेण्यासाठी आपण जी व्हेंच्युरी लावतो ती त्याच गृहस्थाच्या नावाची. ती म्हणजे एकापुढे एक जोडलेले दोन रेड्युसरच. पहिला पाणी अरुंद गळ्यात नेतो, दुसरा परत मोठ्या पाइपात आणतो. गळ्याशी दाब इतका उतरतो की बादलीतले खत आपोआप आत ओढले जाते. लहान पाइपात दाब वाढत असता तर खत बाहेर फेकले गेले असते.

घाटकोपरची टेकडी

आपल्या पंचक्रोशीतील पुष्कळ कुटुंबांची मुले मुंबईला घाटकोपरच्या बाजूला राहतात. तेथे गेल्यावर पाण्याची व्यवस्था जरूर पहावी. आपल्या कामाचा मोठा धडा तेथे उघड्यावर मांडलेला आहे.

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईला येते, आणि येते ते उतारानेच. पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला अशा वस्तीतून तानसाच्या थोरल्या जलवाहिन्या गेलेल्या दिसतात. त्यांचा व्यास १८०० मिलिमीटर, म्हणजे ७२ इंच. माणूस सहज आत उभा राहील. घरातल्या नळाला येते ती नळी १५ मिलिमीटरची. व्यासात १२० पट आणि क्षेत्रफळात १४,४०० पट फरक. मधल्या वाटेवर पाइप कितीदा तरी लहान होत आला आहे. पण प्रत्येक ठिकाणी तो लहान झाला तो पाणी वाटले गेल्यानंतर. एका फाट्याला थोडे पाणी गेले, उरलेल्या पाण्याला लहान पाइप पुरला.

हा रेड्युसरचा पहिला नियम समजावा. पाणी वाटले गेले तेथे पाइप लहान करावा. पाणी तेवढेच असेल तेथे करू नये. ठिबकच्या मुख्य लाइनीवर ९० मिलिमीटरनंतर ७५ आणि मग ६३ असे पाइप टाकतात ते याच हिशेबाने. निम्म्या शेताचे पाणी मागेच वळवलेले असते. तेथे रेड्युसर पैसे वाचवतो आणि तोटा काहीच करत नाही.

आता दुसरी बाजू. घाटकोपरच्या पश्चिमेला असल्फा, भटवाडी या बाजूला टेकड्या आहेत आणि टेकड्यांवर दाट वस्ती आहे. उंच भागासाठी महापालिकेचा उच्चस्तरीय जलाशय आहे, पण पाणी ठरावीक वेळच येते, आणि उंच जागी दाब तोकडा पडतो. मुंबईतल्या अशा टेकडीवस्त्यांत गटाराच्या कडेने बारीक नळ्यांचे जुडगेच्या जुडगे वर चढलेले आपण पाहतो. ज्याची त्याची नळी वेगळी, खालच्या जोडापासून थेट आपल्या दारापर्यंत.

याचा हिशेब करू. दहा घरांनी प्रत्येकी १५ मिलिमीटरची नळी वर नेली आणि प्रत्येकीला सेकंदाला १०० मिलिलिटर पाणी हवे असेल, तर १०० मीटर लांबीत सुमारे ३.४ मीटर दाब घर्षणात जातो. याच दहा घरांनी मिळून ५० मिलिमीटरचा एकच पाइप वर नेला आणि वर गेल्यावर फाटे काढले, तर तेवढ्याच पाण्याला अवघा ०.७ मीटर जातो. पाचवा हिस्सा. दहा नळ्यांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते ४७ मिलिमीटरच्या पाइपएवढे भरते, म्हणजे पाइप फार मोठा लागला असेही नाही. फरक एवढाच, की पाणी आधी एकत्र नेले आणि मग वाटले. टेकडीवर शेवटच्या घराला हंडा भरेल की नाही ते या तीन मीटरवर ठरते.

दाब पुरत नाही म्हणून काहीजण पालिकेच्या नळाला थेट मोटर लावतात. ते नियमबाह्य तर आहेच, पण घातकही आहे. मोटरीच्या ओढीने लाइनीत उणा दाब तयार होतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत येते. ते शेजाऱ्याच्या आणि आपल्याही माठात जाते.

सहकारात वाढलेल्या सभासदांना यातला बोध निराळा सांगायला नको. नदीकाठावर एकाच डोहात आठ-दहा मोटरी आणि रानातून जाणाऱ्या आठ-दहा तीन इंची लाइनी आपणही पाहतोच की.

पंपाच्या तोंडाशी: कोणत्या जातीचा रेड्युसर?

रेड्युसर दोन जातींचे असतात. पहिला कॉन्सेंट्रिक. हा चारी बाजूंनी सारखा निमुळता होत जातो, नरसाळ्यासारखा. दुसरा एक्सेंट्रिक. याची एक बाजू सरळ सपाट असते आणि उतार सगळा दुसऱ्या बाजूला असतो. दुकानात मागताना नाव नीट सांगावे. नुसते “चार बाय तीनचा रेड्युसर द्या” म्हटले तर बहुधा पहिलाच हातात पडतो.

पंपाच्या सक्शनला आडवा पाइप येत असेल आणि पाणी खालून ओढायचे असेल, तर एक्सेंट्रिकच बसवावा, आणि त्याची सपाट बाजू वर ठेवावी. कारण असे. सक्शन पाइपात दाब हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा सुटते, शिवाय एखाद्या सैल सांध्यातून बाहेरची हवाही शिरते. ही हवा पाइपाच्या माथ्याने पुढे सरकते. कॉन्सेंट्रिक रेड्युसर असला की मोठ्या पाइपाचा माथा वर राहतो आणि पंपाचे तोंड खाली. चार बाय तीनमध्ये हा फरक जेमतेम १२ मिलिमीटरचा, पण तेवढ्या कोपऱ्यात हवेचा फुगा साठतो. तो मोठा झाला की एकदम पंपात जातो, पंपाची ओढ तुटते आणि पुन्हा प्रायमिंग करत बसावे लागते. सपाट बाजू वर असली की माथा सरळ राहतो. हवा साठतच नाही, थोडी थोडी निघून जाते.

एक्सेंट्रिक घेऊन सपाट बाजू खाली केली, तर खड्डा दुप्पट होतो. तो न घेतलेला बरा.

याला अपवाद आहेत. पाणी वरच्या टाकीतून पंपाकडे उतरत येत असेल तर सपाट बाजू खाली ठेवतात, म्हणजे हवा मागे वर निघून जाते. पाइप उभाच येऊन पंपाला मिळत असेल तर कॉन्सेंट्रिक चालतो. डिलिव्हरीच्या बाजूलाही कॉन्सेंट्रिकच योग्य. तेथे दाब असतो आणि हवा पुढे ढकलली जाते.

डिलिव्हरीला रेड्युसर उलटा काम करतो, लहान तोंडातून मोठ्या पाइपात नेतो. पंपाचे ६५ मिलिमीटरचे तोंड १०० मिलिमीटरच्या पाइपात एकदम उघडले, तर १५ लिटरला सुमारे ३५ सेंटिमीटर दाब भोवऱ्यात वाया जातो. निमुळता तुकडा लावला तर त्यातला बराच वाचतो. म्हणून नुसते बुश आणि सॉकेट घालून जोड मारू नये.

सक्शन मोठी, तोंडाशी रेड्युसर

“पंपाचं तोंड तीन इंची, मग सक्शनही तीन इंची” हा विचार चुकीचा. पंप पाणी ओढत नसतो. तो फक्त पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचे हे बळ १०.३ मीटर पाण्याइतके असते, आपल्या पठारावर साडेनऊ-पावणेदहा मीटर. त्यातून पंपाची स्वतःची गरज, पाण्याच्या वाफेचा दाब आणि सक्शनमधले घर्षण वजा केले की हातात पाच-सहा मीटर उरतात. नदी एक मीटर उतरली की पंपाचा आवाज बदलतो तो यामुळे. आत खडे वाजल्यासारखा आवाज येऊ लागला तर समजावे, की पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटत आहेत. त्याने इंपेलरला चाळणीसारखे खड्डे पडतात.

१५ लिटरला ८० मिलिमीटरच्या सक्शनमध्ये वेग सेकंदाला जवळजवळ तीन मीटर होतो. १२५ मिलिमीटरमध्ये तो सव्वा मीटरच्या आसपास राहतो. फुटव्हॉल्व्ह आणि बेंड यांच्यातला तोटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १२५ मध्ये तो ८० च्या सहावा हिस्साच होतो. सक्शन पाइप मोठा ठेवावा, वेग दीड मीटरच्या आत राखावा, आणि पंपाच्या तोंडाशी एक्सेंट्रिक रेड्युसर बसवावा, ही रीत यासाठी आहे.

आमच्या पाहण्यातील एका पाणीपुरवठा संस्थेत दिवसातून दोन-तीनदा प्रायमिंग करावे लागे. मोठी मोटर घ्यायचा ठराव झाला होता. आम्ही फिटरला घेऊन गेलो तेव्हा पत्र्याचा घरगुती वळवलेला कॉन्सेंट्रिक तुकडा दिसला, आणि त्याला लागूनच एल्बो. तेथे मोठा पंप बसवला असता तर त्याच सक्शनमध्ये वेग आणखी वाढला असता आणि दुखणे बळावले असते. एल्बो मागे सरकवला, एक्सेंट्रिक सपाट बाजू वर करून बसवला, सक्शन एक माप वाढवली. प्रायमिंग थांबले. ठराव तसाच कागदावर राहिला आणि वाचलेल्या पैशांतून संस्थेने वाल दुरुस्त करून घेतले. पाटकऱ्याला शेवटच्या सभासदापर्यंत पाळी नेता आली हे सर्वांत महत्त्वाचे.

कारखान्यात हेच, पण जपून

आमचे खाते शेतीचे. तरी आपलाच ऊस पुढे पाइपातून जातो, म्हणून थोडे सांगतो. गरम रसाच्या पंपाला सक्शनची काळजी जास्त. पाणी ३० अंशाला असताना वाफेचा दाब अर्ध्या मीटरहून कमी असतो, ७५ अंशाला तो चार मीटरच्या घरात जातो. म्हणून गरम रसाची टाकी पंपाच्या वर ठेवतात. मळी घट्ट असते, तिचा पाइप लहान करताना फार विचार करावा लागतो. वाफेच्या आडव्या लाइनीत मात्र एक्सेंट्रिक रेड्युसरची सपाट बाजू खाली ठेवतात. वाफ थंड होऊन झालेले पाणी तळाने वाहते. त्याला अडसर आला तर ते साठते आणि वेगाने येणारी वाफ ते पाणी घणासारखे पुढच्या बेंडवर आदळते. अशा दणक्याने लाइनी फुटतात आणि माणसे भाजतात. पाण्याच्या सक्शनला वर, वाफेला खाली, एवढे ध्यानात ठेवावे. पाण्यात हवा अडू द्यायची नाही, आणि वाफेत पाणी अडू द्यायचे नाही.

खरेदी करताना व बसवताना

१. मापे नेमकी न्यावीत. लोखंडी पाइप नाममात्र आतल्या व्यासाने ओळखतात, पीव्हीसी बाहेरच्या व्यासाने. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी म्हणजे साधारण चार इंची, ९० म्हणजे तीन इंची. शक्य तर पंपाचे फ्लँज कागदावर छापून न्यावे, भोकांसकट.

२. निमुळता भाग आखूड नसावा. तयार वेल्डिंगच्या चार बाय तीन रेड्युसरची प्रमाणित लांबी १०२ मिलिमीटर आणि सहा बाय चारची १४० मिलिमीटर असते. वर्कशॉपमध्ये पत्रा वळवून करून घेत असाल, तर दोन व्यासांतील फरकाच्या निदान तिप्पट-चौपट लांबी ठेवायला सांगावे, आणि आतली वेल्डिंगची गाठ घासून घ्यावी.

३. मुंबईला जाणारे सभासद नागदेवी स्ट्रीटच्या बाजारातून माल आणतात. स्वस्त मिळतो हे खरे, पण पातळ पत्र्याचा माल वरून रंगवलेला असतो. जाडी पहावी, शिक्का पहावा, पावती घ्यावी.

४. पंपाच्या सक्शनला लागून एल्बो नको. पाइपाच्या व्यासाच्या पाच ते दहा पट लांबीचा सरळ तुकडा हवा.

५. सक्शन पाइप पंपाकडे किंचित चढता असावा. मध्ये कोठेही उंचवटा नको.

६. गॅस्केटचे भोक आत डोकावता कामा नये. पाइपाचे वजन पंपाच्या फ्लँजवर देऊ नये, खाली आधार द्यावा. एक्सेंट्रिक बसवल्यावर पाइपाची मध्यरेषा सरकते, त्याप्रमाणे आधाराची उंची बदलावी.

७. सांध्यातून हवा घेते का हे पाहण्यासाठी पंप चालू असताना सांध्यावर ओला चिखल लावावा. चिखल आत ओढला गेला तर दोष तेथेच आहे.

८. बदल करण्याआधी ड्रम भरण्याचे सेकंद मोजून वहीत लिहावेत, बदलानंतर पुन्हा मोजावेत. अंदाजावर जाऊ नये. “आता बरं पाणी येतंय” याला हिशेब म्हणत नाहीत.

पाण्याची एक पाळी लांबली की उसाचे पेर आखूड राहते, आणि ते पुढे कितीही खत घातले तरी लांब होत नाही. पुढच्या सभेत मोठ्या मोटरीचा विषय असेल, तर त्याआधी पंपाचे सक्शन व डिलिव्हरीचे माप, पाइपांची लांबी, पाण्याची खोली आणि ड्रमचे सेकंद लिहून आपल्या गट कार्यालयात आणावे. आम्ही फिटरसह जागेवर येऊन पाहणी करू.